मागणीतलं नाव खोड

बाळ,

तुझं राजकारण म्हणजे चुलत भावाच्या पर्ससीनवरचा, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या बोटीवरचा, जळफळाट आहे, असं कुणी तोंडावर म्हटलं आणि तू रापणकरांच्या, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या, बैठकीला जाणंच सोडलंस. मला हे अजिबात पटलेलं नाही. जळफळाट असेलही. म्हणून पर्ससीनला आवर घाला ही मागणी खोटी कशी ठरते?

हेवा बरोबरीच्या माणसाचाच वाटतो. ॲरिस्टॉटल हेच म्हणाला होता, आणि भाऊबंदकीत वाढलेल्या कोकणी माणसाला ते शिकवायला नको. मुंबईच्या उद्योगपतीचा बंगला आपली झोप उडवत नाही, चुलत्याचा स्लॅब उडवतो. हेव्याला कर्ज काढून बोट घेतलेला भाऊ तेवढा दिसतो. परवाने वाटणारे आणि गस्त न घालणारे दिसत नाहीत.

म्हणून मागणीतलं नाव खोड. अगदी कागद घेऊन. तक्रार लिही, भावाचं नाव येऊ दे. मग ते खोडून तिथे नियम लिही: 2016 च्या आदेशाप्रमाणे पर्ससीन सप्टेंबर ते डिसेंबर, एरवी बंद. आता तिथे स्वतःला ठेव. उद्या तुझी पर्ससीन झाली तर जानेवारीत बांधून ठेवशील? आणि बांगडा पुन्हा रापणीला लागला, पण भावाचा बंगला तसाच राहिला, तर तुझं समाधान होईल? होणार नसेल तर तुला मासळी नको आहे, भाऊ बुडालेला हवा आहे.

इथे एक फसगत होते. नियम भावाच्या मापानं बेतला जातो. 'अलीकडे घेतलेल्या बोटींवरच बंदी घाला' असं काही सुचलं की समज, नाव खोडलेलं नाही.

याहून मोठी चूक तू केलीस: हेवा सापडला म्हणून मागणीच टाकलीस. अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी 1933 पासून सहा वर्षं खोतांची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची, शेती कसली नाही. त्यांच्यात कुणालाच खोताच्या वाड्याचा हेवा वाटला नसेल? पण त्यामुळे खोत घेत तो जमिनीचा खंड न्याय्य झाला नाही. 1937 मध्ये आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं ते खोती नष्ट करण्याचं, अमक्या खोताला बुडवण्याचं नाही.

हेवा गरिबाच्याच पोटात असतो, असंही धरून चालू नकोस. कूळकायद्यानं जमीन मिळालेल्यांना 'फुकटचं मिळालं' म्हणणारे आणि रेशनच्या रांगेकडे बघून कुढणारे यांचंही राजकारण त्यावरच चालतं. त्यांच्यापुढेही हाच कागद ठेव.

मन आधी निर्मळ करतो, मग येतो, हे मला सांगू नकोस. तोवर हंगाम संपेल. मला लोक कोरडा म्हणतात, म्हणोत. नावावर उभी राहिलेली मागणी त्या माणसाशी समेट झाला की विझते, आणि समुद्र तसाच ओरबाडला जातो. म्हणून मी नाव खोडायला लावतो, पुन्हा पुन्हा.

पुढच्या बैठकीला जा आणि निवेदन तूच लिही. नियम मोडणाऱ्या प्रत्येक बोटीची तारीख, वेळ, किनाऱ्यापासूनचं अंतर, नोंदणी क्रमांक, एवढंच. भावाची बोट यादीत आली तर वगळू नकोस. आणि फक्त त्याचीच आली असेल, तर बाकीच्या बोटींच्या नोंदी होईपर्यंत कागद पुढे पाठवू नकोस.