१२ व्होल्टवर मॉसफेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) चालवायचा आहे, पल्सची रुंदी बदलायची आहे: टायमर चिप कोणती, एनई५५५ की टीएलसी५५५?

एनई५५५ घ्या. त्याचं आउटपुट २०० मिलिअँपपर्यंत देतं, त्यामुळे मॉसफेटचं गेट (त्याला चालू-बंद करणारा पाय) झटकन भरतं. टीएलसी५५५ बॅटरीवर उत्तम, पण आउटपुट हाय (चालू) असताना जेमतेम १० मिलिअँप देतं. मॉसफेट हळू चालू होऊन तापतो. सर्किट ५ व्होल्टचं असेल तर मात्र एनई५५५चं हाय साधारण ३.३ व्होल्टच मिळतं, आयआरएफझेड४४एन या मॉसफेटला ते पुरत नाही.

जोडणी अशी: १०० किलोओहम पॉटचा (फिरवून बदलायच्या रेझिस्टरचा) मधला पाय पिन ७ला, दोन्ही टोकांना उलटसुलट १एन४१४८ डायोड, तिथून पिन २-६ आणि १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. पिन ७ ते सप्लाय १ किलोओहमचा रेझिस्टर, डिस्चार्जच्या डायोडसोबतही १ किलोओहम. फ्रिक्वेन्सी सुमारे १.३ किलोहर्ट्झ, पॉट फिरवला तरी ती जवळपास तीच राहते.

पिन १-८ला चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच (सोबत ४७ मायक्रोफॅरडचा असेल तर बरं), नाहीतर स्विचिंगच्या झटक्याने टायमर भलत्याच वेळी ट्रिगर होतो.