तिसऱ्या पानावरची एक ओळ

अनेक आशीर्वाद.

तुझ्या अभ्यासाचा आराखडा दोनदा वाचला. शस्त्रक्रियेनंतर पायाच्या खोल शिरांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून औषध किती दिवस चालू ठेवावं, हा प्रश्न तू निवडलास याचा फार आनंद झाला. पण तिसऱ्या पानावर एक ओळ आहे : ‘दहाव्या दिवशी प्रत्येक रुग्णाची डॉपलर तपासणी करून गुठळ्या मोजल्या जातील.’ डॉपलर म्हणजे ध्वनिलहरींनी शिरा पाहणं; तिथे माझी पेन्सिल थांबली. हे पत्र त्या एका ओळीबद्दलच आहे.

मी निवासी डॉक्टर होते तेव्हाचे दोन रुग्ण सांगते. पहिले एक आजोबा. खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया छान झाली होती, नवव्या दिवशी घरी जायचे होते. सकाळी मी त्यांचे दोन्ही पाय पाहिले. सूज नव्हती, पोटरी दाबल्यावर दुखत नव्हती. केसपेपरवर ‘ठीक’ लिहून मी पुढच्या खाटेकडे वळले. तासाभराने ते बाथरूमला जायला उठले आणि दारातच कोसळले. आम्ही चाळीस मिनिटं छाती दाबत होतो. शवविच्छेदनात फुप्फुसांकडे जाणाऱ्या दोन्ही धमन्या गुठळीने भरलेल्या निघाल्या.

दुसऱ्या एक बाई. पायाला कसलाच त्रास नव्हता. वेगळ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत पोटरीत छोटी गुठळी दिसली. दिसली म्हणून आम्ही रक्त पातळ करणारं औषध पूर्ण डोसमध्ये सुरू केलं. पाचव्या दिवशी मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, बोलणं परत आलं नाही.

आता हे दोघं तुझ्या अभ्यासात असते तर? आजोबा दहाव्या दिवसापर्यंत पोचलेच नसते, त्यामुळे तुझ्या मोजणीत ते आलेच नसते. बाईंची गुठळी मात्र विरघळली होती, म्हणून त्या औषधाच्या यशाच्या रकान्यात गेल्या असत्या. माझी हरकत नेमकी ही आहे.

हा पेच जुना आहे, आणि ज्याने तो सर्वात नीट सोडवला त्या माणसाचं काम तू मुळातून वाचावंस असं मला वाटतं. विजय कक्कर, लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधले सर्जन. १९६९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या १३२ रुग्णांच्या पायांवर किरणोत्सारी आयोडीन जोडलेल्या फायब्रिनोजेनच्या, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या प्रथिनाच्या, मदतीने लक्ष ठेवलं. गुठळी जिथे तयार होते तिथे हे फायब्रिनोजेन साठतं आणि बाहेरून यंत्राला कळतं. ४० जणांना गुठळ्या झाल्या. त्यांतल्या १४ जणांच्या ७२ तासांत आपोआप विरघळल्या. ९ जणांच्या पोटरीतून वर, मांडीकडे सरकल्या, आणि त्या ९ पैकी ४ जणांच्या फुप्फुसात गेल्या. हे आकडे एकदा सावकाश वाच. तपासणीत दिसलेली प्रत्येक गुठळी सारखी नसते. काही शरीर स्वतःच निस्तरतं, काही तिथेच राहतात, थोड्या जीव घेतात. तू त्या सगळ्या एकाच टोपलीत टाकणार आहेस.

कक्कर पायाशी थांबले नाहीत, म्हणून मला ते मोठे वाटतात. पायातल्या गुठळ्या मोजायचं उत्तम साधन त्यांच्या हाताशी होतं. तरी १९७५ साली जी आंतरराष्ट्रीय चाचणी प्रसिद्ध झाली, तिचा मुख्य प्रश्न होता मृत्यूचा. चाळिशीपुढचे, मोठी शस्त्रक्रिया होणारे ४१२१ रुग्ण. निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या दोन तास आधी आणि नंतर दर आठ तासांनी त्वचेखाली ५००० युनिट हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. मृत्यूंची शहानिशा शवविच्छेदनाने. फुप्फुसातल्या मोठ्या गुठळीने दगावलेले : हेपारिन न मिळालेल्यांत १६, मिळालेल्यांत २. या आकड्यावर वाद घालणंच अवघड होतं. जखमेतून होणारा रक्तस्रावही त्यांनी नोंदवला होता, हे तितकंच महत्त्वाचं.

त्याच्या पंधरा वर्षं आधी, १९६० साली, ब्रिस्टलच्या बॅरिट आणि जॉर्डन या डॉक्टरांनी फुप्फुसात गुठळी गेलेल्या ३५ रुग्णांचा निकाल पाहिला होता. औषध न मिळालेल्या १९ पैकी ५ जण गुठळीनेच गेले, आणखी ५ जणांना ती पुन्हा झाली. औषध मिळालेल्या १६ जणांत गुठळीने एकही मृत्यू नाही. एवढ्यावर त्यांनी औषधाविना ठेवणं बंद केलं. फरक इतका ढळढळीत असेल तर ३५ माणसंही पुरतात. तुझ्या प्रश्नात फरक तसा नसणार, याची तयारी ठेव.

मधल्या काळात आपण किती गोष्टी केवळ पटतात म्हणून करत आलो, त्याचीही आठवण ठेव. पोटातल्या महाशिरेत जाळी बसवली की खालून येणारी गुठळी अडकेल, हे शाळेतल्या मुलालाही पटेल. फ्रान्समध्ये ४०० रुग्णांवर अभ्यास झाला, १९९८ साली निकाल आला. पहिल्या बारा दिवसांत फुप्फुसात जाणाऱ्या गुठळ्या खरोखर कमी झाल्या. दोन वर्षांनी पाहिलं तर जाळीवाल्यांत पायातल्या गुठळ्या २०.८ टक्के, बाकीच्यांत ११.६ टक्के, आणि मृत्यूंत फरक नाही. बाराव्या दिवशी मोजणी थांबवली असती तर जाळीचा जयजयकार झाला असता.

घट्ट पायमोज्यांचंही तसंच. गुठळीनंतर पाय वर्षानुवर्षं सुजतो, दुखतो, काळा पडतो. मोज्यांनी हे निम्म्यावर येतं असं आम्ही शिकलो आणि शिकवलं. मग सुझान कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोटे, दाब न देणारे मोजे करून घेतले आणि आठशेहून अधिक रुग्णांना दोन वर्षं खरे किंवा खोटे मोजे घालायला दिले. २०१४ चा निकाल : पाय बिघडणं टळण्यात काही फरक नाही. आधीच्या अभ्यासांत कोणाच्या पायात मोजा आहे हे रुग्णाला माहीत होतं, आणि ‘दुखतं का?’ याचं उत्तर त्यालाच द्यायचं होतं. तेव्हा तुझ्या अभ्यासात रुग्णाला विचारून काही मोजणार असशील, तर कोणाला औषध मिळतंय हे त्याला कळता कामा नये. विचारणाऱ्यालाही कळता कामा नये.

रक्तस्रावाला तू आराखड्यात अर्धा परिच्छेद दिला आहेस. तो मला सगळ्यात जास्त खटकला. २०१४ च्याच पाइथो चाचणीत, फुप्फुसात गुठळी असलेल्या पण रक्तदाब टिकून असलेल्या हजारभर रुग्णांत, गुठळी विरघळवणाऱ्या टेनेक्टेप्लेजने मृत्यू किंवा रक्ताभिसरण कोसळणं ५.६ टक्क्यांवरून २.६ वर आणलं. त्याच वेळी पक्षाघात ०.२ टक्क्यांवरून २.४ वर गेले, बहुतेक मेंदूतल्या रक्तस्रावाचे. पहिली जोडी वाचणारा आणि दुसरी वाचणारा असे दोन डॉक्टर एकाच औषधाबद्दल उलट बोलतील. मोठा रक्तस्राव म्हणजे काय, हे पहिला रुग्ण घेण्याआधी लिहून ठेव : प्राण गेलेला, मेंदू किंवा पाठीच्या कण्यासारख्या नाजूक जागी झालेला, हिमोग्लोबिन दोन ग्रॅम उतरलेलं, किंवा दोन पिशव्या रक्त द्यावं लागलेलं. कोणता रक्तस्राव यात बसतो हे गट माहीत नसलेल्या लोकांनी ठरवू दे. तू ठरवू नकोस. तुझं मन प्रामाणिक आहे हे मला ठाऊक आहे, तरीही.

आता तू विचारशील, लक्षणं देणाऱ्या गुठळ्या मोजायच्या की मृत्यू? इथे एकच उत्तर नाही. ॲस्पिरिनची दोन कामं शेजारी ठेवून वाच. ऑस्ट्रेलियातल्या क्रिस्टल चाचणीत (२०२२) खुबा किंवा गुडघा बदललेल्यांत ९० दिवसांत त्रास देणाऱ्या गुठळ्या मोजल्या : ॲस्पिरिनवर ३.४५ टक्के, एनोक्सापॅरिनवर (हेपारिनच्याच कुळातलं इंजेक्शन) १.८२. ॲस्पिरिन मागे पडलं. प्रिव्हेंट क्लॉटमध्ये (२०२३) हाड मोडलेल्या १२,२११ रुग्णांत ९० दिवसांतले मृत्यू मोजले : ॲस्पिरिनवर ०.७८, एनोक्सापॅरिनवर ०.७३ टक्के, म्हणजे ॲस्पिरिन कमी ठरलं नाही. पायातल्या गुठळ्या मात्र तिथेही ॲस्पिरिनवर जास्तच होत्या, २.५१ विरुद्ध १.७१. रुग्ण वेगळे होते हे खरं, पण मोजलेली गोष्टही वेगळी होती. माझं मत विचारशील तर त्रास देणारी गुठळी, गुठळीने झालेला मृत्यू आणि मोठा रक्तस्राव हे तिन्ही ९० दिवसांपर्यंत मोज. पुष्कळ गुठळ्या रुग्ण घरी गेल्यावरच होतात. दहा दिवसांवर थांबलीस तर औषध किती दिवस द्यायचं या तुझ्या मूळ प्रश्नालाच उत्तर मिळणार नाही.

तपासणीत दिसलेल्या गुठळ्या मोजणं नेहमीच चूक, असंही समजू नकोस. नवीन औषधाचा डोस शोधताना ते रास्त आहे. फॅक्टर अकरा हा रक्त गोठवणारा एक घटक रोखणाऱ्या ॲबेलासिमॅबचा २०२१ चा अभ्यास गुडघा बदललेल्या ४१२ रुग्णांवर, शिरांची चित्रं काढूनच झाला, आणि एका डोसने गुठळ्या स्पष्टपणे कमी झाल्या. जन्मतः फॅक्टर अकरा कमी असणाऱ्यांना आपोआप होणारा रक्तस्राव क्वचितच होतो, म्हणून या वाटेकडे मी फार आशेने पाहते. गुठळी थांबेल आणि जखम मात्र भरेल, असं औषध आपल्या हयातीत मिळावं असं मला मनापासून वाटतं. पण त्याच घटकावरचं असुंडेक्सियान २०२३ साली हृदयाच्या अनियमित ठोक्यांच्या रुग्णांत ॲपिक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या औषधापुढे कमी पडलं आणि ती मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली. छोट्या अभ्यासातला सुंदर आकडा मोठ्या अभ्यासात टिकेलच असं नाही.

राहिली रुग्णसंख्या. १६ आणि २ मधला फरक दिसायला कक्करांना चार हजारांवर माणसं लागली. तुझ्या एका वॉर्डात ती जमणार नाहीत, आणि म्हणूनच तू डॉपलरकडे वळलीस, हे मला कळतं. त्यावर उपाय सोपी गोष्ट मोजणं हा नाही. आधी वर्षभर औषधात काहीही बदल न करता, शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाचं ९० दिवसांत काय झालं याची नोंद कर. घरी फोन कर. दम लागला का, पाय सुजला का, कुठून रक्त आलं का, विचार. कोणी गेलं असेल तर कसं गेलं हे घरच्यांकडून शांतपणे ऐकून घे. हे फोन तू स्वतः कर, दुसऱ्यावर सोपवू नकोस. ती वही हातात आली की किती रुग्ण लागतील याचा खरा हिशेब मांडता येईल आणि आणखी तीन-चार रुग्णालयांना बरोबर घेता येईल. दोघा-तिघांशी मी बोलेन.

तिसरं पान नव्याने लिहून पाठव. बाकीच्या पानांना मी अजून हात लावलेला नाही.