वैऱ्याशी बोलणं बंद करण्याआधी

प्रिय बेटा,

अमेरिका-चीनच्या सेनांमधल्या बोलण्यावरचा तुझा निबंध दोनदा वाचला. मांडणी चांगली आहे, आर्वीच्या अभ्यासिकेत बसून तू एवढं वाचतेस याचा मला अभिमान आहे. पण तिसऱ्या परिच्छेदात तू लिहिलंस की, शत्रूराष्ट्राच्या सेनाधिकाऱ्यांशी बोलणं हा दुबळेपणा आहे, अमेरिका आणि चीनने तर एकमेकांचे फोनही उचलू नयेत. उद्या तू वर्दी घातलीस तर हे मत डोक्यात घेऊन पोस्टवर जाऊ नकोस, म्हणून हे पत्र.

मी लडाखला होतो तेव्हा पेट्रोलिंगला निघालं की सोबत कापडी बॅनर असायचा. समोरून चिनी तुकडी आली की आम्ही तो उलगडायचा: हा आमचा भाग आहे, परत जा. तेही त्यांचा उलगडायचे. दोन्हीकडचा एकेक जण कॅमेऱ्यात सगळं टिपत राहायचा. त्या उंचीवर दम लागलेला, हातमोज्यात बोटं बधिर, समोरच्याच्या डोळ्यांत राग स्पष्ट दिसतोय, आणि तरी पुढे काय करायचं हे दोघांनाही पक्कं माहीत. १९९३, १९९६, २००५ असे एकावर एक करार झाले, त्यातून ही शिस्त आली. मैत्री तेव्हाही नव्हती.

गलवानचं काय, असं तू विचारशीलच. ६ जून २०२० ला दोन्हीकडचे कोअर कमांडर भेटले आणि १५ जूनच्या रात्री आपले २० जवान गेले. बोलणी झाली म्हणजे दगा होत नाही, असं मी कधीही म्हणणार नाही. पण त्या रात्रीनंतरही सीमेवरच्या चुशूल-मोल्डो या भेटीच्या ठिकाणी कमांडरांच्या बैठका चालूच राहिल्या, फेरीमागून फेरी. देपसांग आणि डेमचोकच्या गस्तीबद्दल समझोता झाला तो थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये. चार वर्षांहून जास्त काळ लागला, पण त्या काळात युद्ध पेटलं नाही. बोलण्याची किंमत करायची तर इथून कर.

आता तुझा मूळ विषय, महासत्तांमधलं बोलणं. ऑक्टोबर १९६२, क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं आल्यावरचा पेच. जग अणुयुद्धाच्या तोंडावर आणि वॉशिंग्टनमधला सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन आपला सांकेतिक संदेश मॉस्कोला पाठवायला तारेवर अवलंबून. तार न्यायला तारवाला पोरगा सायकलवर यायचा, असं त्यानेच पुढे सांगितलंय. एकेक संदेश पोचून उलगडायला कित्येक तास जात. त्या धास्तीतून १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांना थेट जोडणारी हॉटलाइन आली. ती सुरुवातीला टेलिफोन नव्हतीच, टेलिप्रिंटर होता, कारण लिहिलेल्या शब्दात गैरसमजाला जागा कमी.

त्याहून मोलाचा मला १९७२ चा समुद्रावरचा करार वाटतो, आणि तुझ्या निबंधात नेमका तोच नाही. अमेरिकी आणि सोव्हिएत युद्धनौका तेव्हा एकमेकींच्या अंगावर जायच्या, प्रत्यक्ष टक्करही व्हायची. करारात ठरलं ते अगदी साधं: दुसऱ्याच्या जहाजावर तोफा रोखायच्या नाहीत, त्याच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या कक्षावर, सर्चलाइट मारायचा नाही, काय करतोय ते खुणांनी कळवायचं. दरवर्षी दोन्ही नौदलांचे अधिकारी बसून वर्षभरातल्या तक्रारी काढायचे, तेही वर्तमानपत्रांपासून लांब. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या, १९८३ मध्ये सोव्हिएत लढाऊ विमानाने दक्षिण कोरियाचं प्रवासी विमान पाडलं, तरी तो करार मोडला नाही. समुद्रावर उभ्या असलेल्या माणसांना तो हवा होता, म्हणून टिकला असं माझं मत आहे.

अमेरिका-चीनमध्ये असं मूळ धरलंच नाही. १९९८ मध्ये सागरी सुरक्षेचा एक करार झाला, पण तो बहुतेक चर्चेपुरता. १ एप्रिल २००१ ला हैनानजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान एकमेकांवर आदळलं. चिनी वैमानिक गेला, अमेरिकेचे २४ जण चीनच्या ताब्यात ११ दिवस राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या अध्यक्षा पेलोसी, चीन ज्याला आपला भाग म्हणतो त्या तैवानला जाऊन आल्या आणि चीनने सेनाधिकाऱ्यांच्या बैठका रद्द केल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेने चिनी बलून पाडला, त्या दिवशी अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री ऑस्टिन यांनी फोन लावला तर चिनी संरक्षणमंत्र्यांनी घेतला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये बायडेन आणि शी भेटले तेव्हा कुठे ही दारं पुन्हा उघडली.

यात चीन हट्टी आणि अमेरिका शहाणी, एवढंच लिहून मोकळी होऊ नकोस. १९८९ मध्ये बीजिंगच्या तियानानमेन चौकात चीनने आंदोलकांवर गोळ्या चालवल्या, त्यानंतर लष्करी संबंध तोडले ते अमेरिकेने. २०१८ च्या मोठ्या नौदल सरावाचं चीनला दिलेलं निमंत्रण मागे घेतलं तेही अमेरिकेनेच. आणि चीनचा हिशेब नीट समजून घे. आपल्याकडे वावराच्या रस्त्यावरून भांडण असलं की एक जण म्हणतो, बैलबंडी कशी न्यायची ते ठरवून घेऊ. दुसरा म्हणतो, ठरवलं की तुझी वहिवाट मान्य केल्यासारखं होईल. चीनला हीच भीती आहे. आपल्या किनाऱ्याजवळच्या अमेरिकी जहाज-विमानांसाठी सुरक्षेचे नियम केले तर त्यांचं तिथे येणंच कायमचं मान्य होईल, असं बीजिंगला वाटतं. ज्याला समोरच्याला दूर ठेवायचंय, त्याला थोडी अनिश्चितता सोयीची असते. हे तर्काला धरून आहे. मला ते धोकादायक वाटतं, कारण त्या अनिश्चिततेत विमान चालवत असतो तिशीतला एखादा वैमानिक, आणि त्याच्या हातून झालेली चूक दोन्ही राजधान्यांना काही मिनिटांत निस्तरावी लागते.

बोलणं तोडायला पैसा लागत नाही, माणूस मरत नाही आणि घरच्या लोकांना राग दिसतो. म्हणून राजकारण्यांचा हात आधी तिकडेच जातो. उलट आपलं आणि पाकिस्तानचं बघ. इतकं वैर असून १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघं आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. मे २०२५ मध्ये गोळीबार थांबला तोही दोन्हीकडच्या डीजीएमओंच्या, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांच्या, फोनवरच ठरून.

तेव्हा तिसरा परिच्छेद काढून टाक. त्याजागी १९७२ चा करार घे आणि तसा करार अमेरिका-चीनमध्ये का रुजत नाही, हे चीनच्या बाजूने आधी लिही, मग तुझं मत मांड. माझ्याशी सहमत व्हायलाच हवं असं नाही, फक्त कारणं दे. कपाशीच्या वेचणीतून सवड मिळाली की मी आर्वीला येईन, तेव्हा नवीन मसुदा दाखव.

तुझे काका