पाचांतला एक : ‘डोटा’ खेळणाऱ्या मुलाच्या वडिलांना उत्तर

(तासगाव तालुक्यातील एका द्राक्षबागायतदार पालकांचे पत्र आले आहे. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा सांगलीत विश्रामबागला खोली घेऊन बारावी विज्ञानाचे शिक्षण घेत आहे. तो ‘डोटा २’ हा सांघिक व्हिडिओ गेम खेळतो आणि जागतिक स्पर्धेत उतरण्याचे त्याच्या मनात आहे. पुण्यातील एका संघाने जानेवारीपासून सहा महिने राहून सराव करण्यासाठी त्याला बोलावले असून त्यासाठी साठ हजार रुपये मागितले आहेत. फेब्रुवारीची परीक्षा या वर्षी देणार नाही, असे मुलगा म्हणतो; शिवाय त्याला दीड लाखाचा संगणक हवा आहे. “जिंकणाऱ्याला एकशे छत्तीस कोटी मिळाले, असे तो सांगतो. हे खरे आहे काय? आणि तो ‘सपोर्ट’ खेळतो म्हणे, म्हणजे नेमके काय?” असे वडिलांनी विचारले आहे.)

आदरणीय पालक, सप्रेम नमस्कार.

बागेतल्या विरळणीच्या धांदलीत रात्री जागून आपण चार पाने लिहिलीत, आणि त्यात मुलाविषयी एकही कडवट शब्द नाही, हे मला फार मोलाचे वाटले. माझ्याकडे येणारे बहुतेक पालक ‘हे खूळ त्याच्या डोक्यातून काढून टाका’ एवढेच सांगतात. आपण मात्र तो काय खेळतो हे समजून घेण्यापासून सुरुवात केली आहे. म्हणून मीही त्याच क्रमाने उत्तर देतो.

एकशे छत्तीस कोटींचा आकडा खरा आहे. ‘द इंटरनॅशनल’ ही डोटा २ ची जागतिक स्पर्धा २०११ मध्ये जर्मनीतील कलोन येथे सुरू झाली, तेव्हा पहिल्या विजेत्या संघाला दहा लाख डॉलर मिळाले होते. २०२१ मध्ये रुमानियातील बुखारेस्ट येथे झालेल्या स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम चार कोटी डॉलरवर गेली आणि ‘टीम स्पिरिट’ या संघाने अंतिम सामना तीन विरुद्ध दोन असा जिंकून त्यातले सुमारे १ कोटी ८२ लाख डॉलर मिळवले. त्या वेळच्या दराने ते आपल्या मुलाने सांगितले तेवढेच होतात. तो खोटे बोललेला नाही, हे त्याला आपण आपल्या तोंडून सांगावे अशी माझी विनंती आहे; पुढच्या कठीण बोलण्याला त्याचा उपयोग होईल.

परंतु ती रक्कम आली कोठून, हे त्याने सांगितलेले दिसत नाही. हा खेळ व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीच्या मालकीचा आहे. स्पर्धेच्या आधी ती कंपनी खेळाडूंना खेळातली एक खास पुस्तिका विकत असे आणि त्या विक्रीतला पंचवीस टक्के हिस्सा बक्षिसात घालत असे. जगभरातल्या लाखो हौशी मुलांनी थोडे थोडे पैसे दिले, म्हणून ती रास एवढी उंच झाली. २०२३ मध्ये कंपनीने ती पद्धत बदलली आणि त्या वर्षी सिएटलला झालेल्या स्पर्धेचे एकूण बक्षीस तीस लाख डॉलरच्या थोडे वर एवढेच राहिले. दोन वर्षांत रक्कम दहा-बारा पटींनी खाली आली, आणि त्यात खेळाडूंचा काडीचाही दोष नव्हता. त्याच टीम स्पिरिटने त्या वर्षीही विजेतेपद मिळवले होते.

कुस्ती किंवा कबड्डी या खेळांना कोणी मालक नाही. आखाडा बंद पडला तर शेजारच्या गावच्या तालमीत जाता येते. व्हिडिओ गेमला मात्र मालक असतो. तो नियम बदलतो, स्पर्धा बदलतो, आणि सरकारने बंदी घातली तर खेळच उरत नाही. कराडचा एक मुलगा काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला होता. मोबाइलवरच्या ‘बीजीएमआय’ या चौघांच्या खेळात तो चांगला तयार झाला होता आणि त्यासाठी त्याने पदवीचे पहिले वर्ष अर्धवट सोडले होते. २०२२ च्या जुलैअखेरीस तो खेळ भारतात अचानक बंद झाला आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात परत आला. मधल्या दहा महिन्यांत त्याच्या संघातले दोघे नोकरीला लागले, संघ मोडला, आणि याच्या हातात ना संघ राहिला ना महाविद्यालय. तो माझ्यासमोर बसला होता तेव्हा उजव्या अंगठ्याने टेबलाच्या कडेवर सारखा तोच एक झटका देत होता. त्याला त्याची जाणीवही नव्हती. त्या मुलात गुण कमी नव्हते. पायाखाली दुसरी फळी नव्हती, एवढेच झाले. आज तो पुन्हा शिकतो आहे, परंतु त्याचे वाया गेलेले वर्ष मला अजून टोचते, आणि म्हणूनच आपल्या मुलाने फेब्रुवारीची परीक्षा सोडू नये असे मी निक्षून सांगतो.

आता ‘सपोर्ट’विषयी. आपण लिहिले आहे की हे नाव ऐकून तो संघातला दुय्यम खेळाडू असावा, असे आपल्याला वाटले. तसे नाही, आणि हा गैरसमज मनात राहिला तर आपण मुलाला ओळखण्यात चुकाल. डोटामध्ये पाच जणांचा एक संघ असतो आणि पाचही जागांना क्रमांक असतात. पहिल्या क्रमांकाचा खेळाडू सामन्यात मिळणारे सोने साठवून शेवटी संघाला जिंकून देतो. पाचव्या क्रमांकाचा खेळाडू, म्हणजेच सपोर्ट, आपल्या वाट्याचे सोने त्याच्यासाठी सोडतो. नकाशाचा जो भाग संघाला दिसत नाही तेथे तो टेहळणीची खूण लावून येतो, शत्रू कोठून येणार हे आधी हेरतो, आणि वेळ पडली तर स्वतः मरून साथीदाराला वाचवतो. सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही संघ सव्वाशेच्या आसपास असलेल्या पात्रांतून आळीपाळीने निवड करतात आणि प्रतिस्पर्ध्याची पात्रे बाद करतात. ती निवड बहुधा कर्णधार करतो, आणि मोठमोठे कर्णधार याच पाचव्या जागेवरून खेळले आहेत. बुखारेस्टला टीम स्पिरिटचे नेतृत्व करणारा मिपोश्का असा होता. २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षे जग जिंकणाऱ्या ‘ओजी’ संघाचा नोटेलही असाच होता. २०१८ च्या स्पर्धेपूर्वी काही महिने त्या संघातले साथीदार सोडून गेले होते आणि तो संघ खुल्या पात्रता फेऱ्यांतून वर आला होता, हेही येथे सांगण्यासारखे आहे.

सतरा वर्षांचा मुलगा स्वतः होऊन ही जागा निवडतो, याचा मला मनापासून आनंद वाटतो. दुसऱ्याच्या यशासाठी स्वतःचा वाटा सोडण्याची तयारी या वयात सहसा आढळत नाही, आणि पुढे तो कोणत्याही क्षेत्रात गेला तरी हा गुण त्याला उपयोगी पडणार आहे.

मात्र याच जागेमुळे माझा खरा प्रश्न उभा राहतो : उरलेले चार कोण? आपल्या पत्रात मुलाच्या कौशल्याविषयी पुष्कळ आहे, त्या चौघांविषयी एक ओळही नाही. सपोर्ट खेळणाऱ्याला एकट्याने मोठे होता येत नाही. रोज अनोळखी मुलांबरोबर खेळून त्याचे मानांकन वाढेल, संघ मात्र तयार होणार नाही. तेच चार साथीदार, ठरलेली वेळ, सामना संपल्यावर त्याचे चित्रण पुन्हा पाहून चुका दाखवणारा एखादा वडीलधारा खेळाडू, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत वस्ताद, एवढे असेल तर सराव चालू आहे असे मी म्हणेन. मानांकनाबद्दल विचारायचे तर तो ‘इमॉर्टल’ या सर्वोच्च श्रेणीत आहे काय, आणि असल्यास आपल्या विभागाच्या जाहीर यादीत कितवा आहे, हे विचारा. ती यादी कोणालाही पाहता येते, त्यामुळे येथे मोघम उत्तर चालत नाही.

जागतिक स्पर्धेच्या दाराचे मापही आपल्याला माहीत असावे. २०२५ मध्ये हॅम्बुर्गला झालेल्या स्पर्धेत सोळा संघ होते, म्हणजे साऱ्या जगातून ऐंशी खेळाडू. २०२२ मध्ये ‘एंटिटी’ या भारतीय संस्थेचा संघ सिंगापूरच्या स्पर्धेत उतरला होता, परंतु त्यातले खेळाडू युरोपातले होते. आपल्या मुलांनी मात्र काहीच केलेले नाही, असेही नाही. २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने बर्मिंगहॅमला वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो वजनी गटात रौप्यपदक मिळवले. त्यानंतर आठवडाभरातच त्याच शहरात राष्ट्रकुल ईस्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमची, स्पर्धा झाली आणि भारताच्या डोटा संघाने कांस्यपदक आणले. ती स्पर्धा स्वतंत्र होती, तिची पदके मुख्य पदकतालिकेत धरली गेली नाहीत, तरी पदक ते पदकच. पुढे २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत डोटाला रीतसर पदकाचा दर्जा होता आणि तेथे रौप्यपदक मंगोलियासारख्या अगदी थोड्या लोकवस्तीच्या देशाने नेले.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ईस्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत घेतले, आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळण्याचे खेळ बंद करताना ईस्पोर्ट्सला त्यापासून वेगळे काढून मान्यता दिली. मुलगा कोणत्याही ॲपवर पैसे लावत नाही ना, हे एकदा शांतपणे विचारून घ्या. तसे असेल तर तो विषयच निराळा आहे.

पुण्याच्या संघाविषयी माझे मत स्पष्ट आहे. स्पर्धेच्या नावनोंदणीचे माफक शुल्क असू शकते, त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या संघाला एखादा खेळाडू खरोखर हवा असतो, तो संघ त्याची राहण्याजेवणाची सोय करतो आणि जमल्यास मानधन देतो. खेळाडूकडून साठ हजार मागणारा संघ त्याला गिऱ्हाईक समजतो. शिवाय आपला मुलगा अल्पवयीन आहे, त्याने एकट्याने केलेला करार कायद्यापुढे टिकत नाही. म्हणून कागद आपल्या हाती मागा आणि त्यात बक्षिसाची वाटणी, कराराची मुदत आणि सोडून जाण्याची अट काय आहे, ते एखाद्या वकिलाला दाखवा. कागद द्यायला ते टाळाटाळ करू लागले, तर आपले उत्तर आपल्याला मिळाले असे समजा.

संगणकासाठी दीड लाख खर्च करण्याची गरज नाही. डोटा २ हा २०१३ मध्ये रीतसर सर्वांसाठी खुला झालेला, जुना खेळ आहे आणि तो मध्यम प्रतीच्या संगणकावर उत्तम चालतो; अभियांत्रिकीच्या अभ्यासाला जो घ्यावा लागेल तोच याला पुरेल. पैसे घालायचेच असतील तर ते तारेने जोडलेल्या चांगल्या इंटरनेटवर आणि पाठीला आधार देणाऱ्या खुर्चीवर घालावेत.

घरातल्या एका भांडणाचा आपण उल्लेख केला आहे : दिवाळीत जेवायला हाक मारूनही तो उठला नाही आणि आपण संगणकाचे बटण बंद केले. आपला राग मी समजू शकतो. परंतु डोटाचा एक सामना साधारण चाळीस मिनिटे चालतो, तो मध्येच सोडून नंतर सवडीने पुढे नेता येत नाही, आणि एक जण उठला की उरलेल्या चौघांचा सामना बुडतो व उठणाऱ्याला खेळाकडून शिक्षा होते. त्या दिवशी तो आपला अपमान करीत नव्हता, चौघांना दिलेला शब्द पाळत होता. यापुढे तासांची बोली करू नका, सामन्यांची करा. परीक्षा होईपर्यंत शनिवारी दोन आणि रविवारी दोन सामने, जेवणाच्या वेळेपूर्वी तासभर नवा सामना सुरू करायचा नाही, आणि रात्री दहानंतर एकही नाही. हा हिशेब त्याला पटेल, कारण तो खेळाच्या भाषेतला आहे.

परीक्षा आणि सीईटी झाल्यावर त्याला एक हंगाम द्यावा, असे मी सुचवतो. आपण बागायतदार आहात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड धरतो, पण तो डोळ्यांना दिसतो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. मधल्या महिन्यांत नुसती पाने पाहून कोणी बाग तोडत नाही. त्याप्रमाणे पदवीला प्रवेश घेऊन, वर्ग न बुडवता, पुढच्या एप्रिलपर्यंत त्याला मनापासून खेळू द्या. त्या काळात तेच पाच जण सहा महिने एकत्र राहिले, खुल्या पात्रता फेऱ्यांत उतरले आणि निदान काही सामने जिंकले, तर आपण पुन्हा बसून पुढचे ठरवू. यापैकी काहीच झाले नाही, तरी त्याच्या पदवीचे एक वर्ष पूर्ण झालेले असेल. सांगलीचे वालचंद महाविद्यालय घरापासून तासाभराच्या आत आहे. तेथे संगणकशास्त्राला प्रवेश मिळण्याइतके गुण त्याने आणले, तर पुढे खेळ खेळण्याप्रमाणेच खेळ घडवण्याच्या, सामन्यांचे विश्लेषण आणि समालोचन करण्याच्या वाटाही मोकळ्या राहतील. त्यांविषयी आज अधिक लिहीत नाही. त्याची वेळ अजून आलेली नाही.

येत्या रविवारी तो घरी येईल तेव्हा त्याला आपल्याशेजारी बसवून एक पूर्ण सामना दाखवायला सांगा, आणि आपण मध्ये न बोलता तो पाहा. सामना संपल्यावर त्याने टेहळणीच्या खुणा कोठे लावल्या आणि त्या तेथेच का लावल्या, एवढे विचारा. मग एका कागदावर त्याच्या चार साथीदारांची खरी नावे, गावे आणि ते सध्या काय शिकतात, हे त्याच्या हातून लिहून घ्या. तो कागद घेऊन आपण दोघे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे या. चार नावे पूर्ण झाली नाहीत तरी या, पण त्याला बरोबर आणा.

आपला,
करिअर मार्गदर्शक, सांगली