जुनी बाईक दहा-पंधरा मिनिटं चांगली पळते आणि मग वेगात गुदमरते, इंजिन खोलावंच लागेल का?

इतक्यात खोलू नका. सकाळी पहिल्या किकला चालू होते, सुरुवातीला पिकअप आहे, मग गरम झाल्यावर एक्सिलेटर अर्ध्याच्या वर दिला की मिसिंग मारून बसते असं तुम्ही लिहिलंय, आणि मेकॅनिकने डायरेक्ट बोअर-पिस्टन (म्हणजे इंजिन खोलून सिलेंडर-पिस्टनचं काम) सांगितलंय. बोअर गेलेलं असतं तर सकाळी थंडीत किका मारून घाम निघाला असता, सायलेन्सरमधून निळा धूर आला असता, ऑइल कमी झालं असतं. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही.

माझ्या गाडीला सेम हेच होत होतं. कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) दोनदा साफ केला, प्लग (ठिणगी पाडणारा) बदलला, कॉइल (प्लगला करंट देणारी) पण बदलून झाली, काय फरक नाही. एकदा रस्त्यात बंद पडली म्हणून पेट्रोल किती आहे बघायला टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि दोन मिनिटात गाडी चालू! झाकणात हवा जायचं बारीक भोक असतं, ते धूळ-गंजाने बुजलेलं, पेट्रोल खाली जातंय पण त्याच्या जागी हवा येत नाही म्हणजे टाकीत व्हॅक्यूम होतो आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. टाकी फुल असताना त्रास लवकर व्हायचा (वर हवेला जागा कमी, म्हणून व्हॅक्यूम लवकर), ते तेव्हा डोक्यातच आलं नाही.

तर आता गुदमरायला लागली की थांबून झाकण उघडा, लगेच सुधारली तर रोग सापडला. नाही सुधारली तर पुढच्या वेळी चालू गाडीत चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) थोडा ओढून बघा, बरी पळाली तर पेट्रोल कमी पडतंय (टाकीखालच्या कॉकची जाळी किंवा कार्बोरेटरमधला मेन जेट बुजलेला, नाहीतर कार्बोरेटर आणि इंजिनमधलं मॅनिफोल्डचं रबर चिरलेलं), अजून बिघडली तर हवा कमी, एअर फिल्टर काढून उजेडात धरा. मग प्लग. गुदमरत असतानाच इंजिन बंद करून, गार झाल्यावर काढायचा, घरी येऊन आयडलिंगवर ठेवल्यानंतर नाही, नाहीतर रंग खोटं सांगतो. तपकिरी ठीक, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ऑइलने ओला असेल तरच पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलचा संशय घ्या.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला हो, मी तीन बदलल्या आणि कॉइलचे पैसे उगाच गेले. प्लगचा फोटो टाका, बघून सांगतो.