तिसरीतली सहा पोरं आणि शाळेचा टक्का

प्रश्न: आमच्या झेडपी शाळेत पहिली ते चौथी मिळून २३ पोरं, गुरुजी दोन. तिसरीतली सहापैकी तीन वाचनात मागे निघाली म्हणून लोक पोरांची नावं शाळेतून काढतायत. मी पण मुलीचं काढू का? – एक आई, बीड जिल्हा

उत्तर: ताई, घाई नका करू. सहाच पोरं म्हटल्यावर एक जरी अडलं तरी टक्का १६-१७ नी खाली येतो, त्यावरून शाळा जोखणंच चूक. आणि ती तिघं कोण ते बघा ना, दिवाळीच्या आसपास आईबापासोबत ऊसतोडीला जाऊन मार्च-एप्रिलला परतणारी असतील तर अर्धं वर्ष वर्गातच नव्हती, मग वाचणार कशी लेकरं! त्यांच्यासाठी, आईबाप ऊसतोडीला असेपर्यंत गावातच राहता यावं म्हणून, हंगामी वसतिगृहाची सोय असते, शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय घ्याच, तिथे ७५ टक्के पालकच असतात. दोन गुरुजींचं म्हणाल तर आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, ६० पोरांपर्यंत दोनच शिक्षक आहेत, चार वर्ग सांभाळणं सोपं नाही हे मान्य. मुलीसमोर न शिकवलेला धडा धरा, बोट ठेवून वाचते का, काय वाचलं ते स्वतःच्या शब्दांत सांगते का बघा. सांगत असेल तर नाव अजिबात काढू नका.