बैल सोडू नको

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'मिश्नामध्ये निष्काळजीपणाची संकल्पना आहे, की चूक नसतानाही येणाऱ्या जबाबदारीची, हेच ठरत नाही. विषय बदलू का, सर?' असं त्या प्राचीन ज्यू कायद्याच्या संग्रहाबद्दल विचारतेस. विषय बदलू नको. तुझ्या चौदा पानांच्या टिपणात 'संकल्पना' हा शब्द एकतीस वेळा आलाय, मी मोजला. बैल तीनदा. घोळ इथेच आहे.

'बावा कम्मा'चं, म्हणजे मिश्नातल्या नुकसानभरपाईच्या भागाचं, पहिलंच वाक्य काढ. नुकसानीची मुळं चार: बैल, खड्डा, चरणारं जनावर, आग. (तिसऱ्या शब्दाच्या अर्थावर तालमूदमध्येच, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथातच, भांडण आहे, त्यात आत्ता शिरू नको.) इ.स. 200च्या सुमारास यहूदा हनासीने मिश्नाचं संकलन केलं. त्या मंडळींना अमूर्त बोलता येत नव्हतं म्हणून बैल आणला, असं तुझ्या टिपणाच्या दुसऱ्या पानावर आहे. ते खोड. ती माणसं विचारच बैलावरून करतात.

बायबलमधल्या निर्गमाच्या 21व्या अध्यायात बैलाने माणूस मारला तर बैलाला दगडांनी ठार करायचं, त्याचं मांस खायचं नाही, मालक सुटला. पण बैल आधीपासून मारका असेल, मालकाला ताकीद मिळालेली असेल आणि तरी त्याने तो आवरला नसेल, तर मालकालाही मरणाची शिक्षा, नाहीतर जिवाचं मोल भरायचं. बैल गेला नि झोपा केला म्हणून आपण हसतो. तिथे झोपा आधी का नाही केला, यावर मालकाचा जीव टांगलेला आहे. आता बाबिलोनचा राजा हम्मुराबी याचा कायदा बघ. तोच मारका बैल, शिंगं बोथट केली नाहीत, बांधला नाही, माणूस गेला: अर्धा मीना (मीना हे जुनं वजन) चांदी. बैलाला कुणी हात लावत नाही. मिश्नात मात्र त्या बैलाचा खटला तेवीस न्यायाधीशांपुढे चालतो, माणसाच्या जिवाचा चालतो तसाच. 'चुकीविना जबाबदारी' अशी चिठ्ठी चिकटवून मोकळी झालीस, तर हे तेवीसजण तुला दिसणारच नाहीत.

म्हणून म्हणतो, बैल सोडू नको.

ताम आणि मुआद हा फरक तू तीन ओळींत उरकलास. अगं, सगळा रस तिथे आहे! ताम म्हणजे अजून मारका न ठरलेला बैल. त्याने दुसऱ्याचं जनावर मारलं तर निम्मी भरपाई, तीही त्या बैलाच्याच किमतीतून. मालकाच्या बाकीच्या मालमत्तेला धक्का नाही. मुआद, म्हणजे मारका, ठरला की पूर्ण भरपाई, मालकाच्या उत्तम मालमत्तेतून. मुआद कधी ठरतो? रब्बी यहूदा (संकलन करणारे ते नव्हेत) म्हणतात, तीन दिवस साक्ष झाली की. रब्बी मेईर म्हणतात, तीन वेळा. आणि परत ताम कधी? मेईरचं उत्तर मला पाठ आहे: मुलं त्याला हात लावतात आणि तो मारत नाही, तेव्हा. पुनर्वसनाची याहून चांगली कसोटी तुझ्या 'संकल्पना'त सापडली तर मला कळव.

मी तुझ्या वयात 'सूडाकडून भरपाईकडे' असा प्रबंध लिहिला होता. हम्मुराबी आणि निर्गमातला 'डोळ्याबद्दल डोळा' ही रानटी पायरी. मिश्नातली पाच देणी, म्हणजे इजा, वेदना, औषधोपचार, बुडालेली मजुरी आणि अपमान, ही सुधारलेली पायरी. पदवी मिळाली. पुढे कळलं की हम्मुराबीच्या तीनेकशे वर्षं आधीचा सुमेरी राजा उर-नम्मूचा कायदा डोळ्यासाठी अर्धा मीना चांदीच सांगतो. म्हणजे चांदी आधी, डोळ्याबद्दल डोळा नंतर. शिडी उलटीच निघाली. त्याहून वाईट म्हणजे, निर्गमात त्या 'डोळ्याबद्दल डोळा'च्या उताऱ्याला लागूनच आहे की मालकाने दासाचा डोळा फोडला, तर त्या डोळ्यापायी त्याला मुक्त करावं. हे मी वाचलं होतं. शिडीत बसेना म्हणून गाळलं.

प्रबंध मी कधी छापायला दिला नाही. घरचे याला आळस म्हणतात, माझे सोबती भित्रेपणा. मला विचारशील तर त्या प्रबंधाबाबतीत मी केलेलं तेवढं एकच काम सरळ होतं. असो. तुला हे सांगायची गरज नव्हती.

आणखी एक. न आवडणारा बैलही सोडू नको. 'बावा कम्मा'च्या चौथ्या अध्यायात इस्राएली माणसाच्या बैलाने परक्याचा बैल मारला तर काही देणं नाही, उलट झालं तर पूर्ण भरपाई. तू हे गाळलंयस. का गाळलंस ते मला नीट ठाऊक आहे, म्हणून रागावत नाही. पण पुढच्या खेपेला दिसलं नाही तर रागावेन. इजेची किंमत काढताना जखमी माणूस बाजारात दास म्हणून किती कमी दराने विकला जाईल, असं मोजायचं, हेही लिही. अंगावर काटा येतो, येऊ दे.

आता काम. त्याच चौथ्या अध्यायात शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या, दिवशी मारका, पण एरवीच्या दिवशी नाही, असा एक बैल आहे. शब्बाथला गावात, रस्त्यावर, माणसांच्या अंगावर काय बदलत असेल, आणि साक्षीदारांनी हे कसं सिद्ध केलं असेल, यावर दोन पानं लिही. 'संकल्पना' हा शब्द दिसला तर पान न वाचता परत येईल.

रविवारी दुपारनंतर ये. सकाळी मी झोपतो.